माझा नकार

त्या शुक्रवारी दुपारी शर्वरी टिकेकरला समोरच्या अर्जावरची सही दिसेना. तिनं चष्मा पुसला, अर्ज डोळ्यांजवळ धरला, तरी अक्षरं फिसकटलेलीच. कोलकात्यातल्या एस्प्लनेड भागातल्या एका बँकेत ती उपव्यवस्थापक होती आणि सह्या पडताळून पाहणं हे तिचं रोजचं काम. समोरच्या माणसाला थांबायला सांगून ती उठली, बाटलीतलं उरलेलं पाणी घटाघटा प्यायली. सकाळपासूनची ती पाचवी बाटली होती. स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत पोचायच्या आत तिचे पाय गळाले आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली.

शाखेतल्या दोघींनी तिला टॅक्सीत घातलं आणि बायपासवरच्या हॉस्पिटलात नेलं. याच हॉस्पिटलात आठ महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, तिच्या पोटात तिच्या वडिलांची किडनी बसवली होती.

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरनं तिच्या बोटाला सुई टोचली, मशीनकडे पाहिलं आणि पुन्हा टोचली.

"चारशे शहाऐंशी," तो नर्सला म्हणाला. मग शर्वरीकडे वळून हिंदीत, "शुगर कधीपासून आहे?"

"मला शुगर नाहीये. माझं ट्रान्सप्लांट झालंय."

"ते दिसतंय फायलीत. शुगरपण आहे." मग तो जरासा हसला आणि बंगालीत म्हणाला, "खूब मिष्टी खेयेछेन नाकि?"

गोड फार खाल्लंत वाटतं. शर्वरीला तेवढं बंगाली नक्कीच कळत होतं. कोलकात्यात बदली होऊन तिला पाच वर्षं झाली होती. त्यातली चार डायलिसिसवर गेली. त्या काळात छेन्याच्या मिठाईला मनाई होती आणि ऑपरेशननंतर बाहेरचं खायला ती स्वतःच घाबरायची. शाखेत कुणाचा वाढदिवस असला की संदेश मिठाईचा डबा तिच्या टेबलाला वळसा घालून पुढे जायचा, इतकं ते आता सगळ्यांना पाठ झालं होतं. हे सगळं तिला त्याला सांगायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. ती फक्त "नाही" म्हणाली. रोज अशी खोटी उत्तरं ऐकणाऱ्या माणसानं मान हलवावी तशी त्यानं हलवली.

राग तिथून सुरू झाला.

तासाभरात डमडमच्या घरून बाबा आले. सुधाकर टिकेकर, वय चौसष्ट, अंगात फुलशर्ट, काखेत तिच्या रिपोर्टांची जाड फाईल. त्यांनी आधी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मग नर्सला विचारलं, "क्रिएटिनिन किती आलं?"

"एक पॉइंट सात."

बाबा मटकन स्टुलावर बसले. गेल्या महिन्यात ते एक पॉइंट एक होतं. किडनी नीट चालली आहे की नाही हे त्या आकड्यावरून कळतं, आणि आठ महिने त्या घरात सकाळ-संध्याकाळ त्याच आकड्याची पूजा चालली होती.

बाबांनी चौतीस वर्षं हवामान खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. अकोल्याला, मग आणखी चार गावांना. ठरल्या वेळी पर्जन्यमापक उघडायचा, पाणी मोजायचं, वहीत लिहायचं. ट्रान्सप्लांटनंतर हॉस्पिटलनं लघवी मोजायला प्लास्टिकचं मापी भांडं दिलं तेव्हा ते काम नर्सच्या हातून त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतलं होतं. स्वतःच्या पोटाचे टाके ओले असताना ते वाकून भांड्यातली रेघ बघायचे आणि आनंदानं ओरडायचे, "शरू, तीन हजार दोनशे!"

शर्वरीलाही तो आनंद ठाऊक होता. डायलिसिसच्या चार वर्षांत तिला दिवसाला सातशे मिली पाणी मिळायचं. वैशाखातल्या त्या चिकट उकाड्यात ती बर्फाचा एक खडा अर्धा तास तोंडात घोळवायची. लघवी तर जवळजवळ थांबलीच होती. त्यामुळे ऑपरेशननंतर तहान लागणं, भसाभसा पाणी पिणं आणि रात्री उठून बाथरूमला जाणं हे सगळं तिला भाग्याचं वाटायचं. ऑगस्टपासून तहान वाढली. रात्री चार-पाचदा उठावं लागायला लागलं. तिनं फोनवर हॉस्पिटलच्या समन्वयक विनीता मंडल यांना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या होत्या, "नवीन किडनी आहे, तिला काम करू द्या." आणि शर्वरीसुद्धा हसली होती.

आता सलाइन आणि इन्सुलिनच्या नळ्या हाताला लावून पडल्या पडल्या तिला ते स्वतःचं हसणं आठवलं आणि लाज वाटली. मग लाजेचाही राग आला.

शनिवारी संध्याकाळी शोभाकाकू भेटायला आल्या. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि कोलकात्यातल्या मराठी कुटुंबांत कुणी आजारी पडलं की शोभाकाकू पहिल्या पोचायच्या. त्यांनी मऊ भात आणला होता, जो नर्सनं दारातच थांबवला.

"अगं, होतं असं," खुर्ची ओढत त्या म्हणाल्या. "या गावात राहून गोडाचा मोह कुणाला सुटलाय? आता तर नव्या गुळाचे दिवस. पण तुझी गोष्ट वेगळी ना गं. बाबांनी या वयात पोट फाडून घेतलं. निदान त्यांच्या किडनीसाठी तरी तोंडावर ताबा ठेवायचा."

शर्वरीनं बाबांकडे पाहिलं. ते खिडकीपाशी उभे राहून टॉवेलची घडी घालत होते. ती काय खाते, काय नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. स्वयंपाक तेच करायचे. नुसतं "तिनं गोड खाल्लेलं नाही" एवढं एक वाक्य त्यांनी म्हणायचं होतं.

बाबांनी टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"काकू, मी आठ महिन्यांत मिठाईचा कणही खाल्लेला नाही," शर्वरी म्हणाली.

"बरं बरं, तू बोलू नकोस जास्त," शोभाकाकू म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

त्या गेल्यावर शर्वरी बाबांना म्हणाली, "तुम्ही गप्प का बसलात?"

"त्यांचं काय मनावर घेतेस. जुन्या वळणाच्या आहेत."

"मी त्यांचं नाही विचारत. तुम्ही का गप्प बसलात?"

बाबा म्हणाले, "तुझं औषध झालंय का विचारून येतो," आणि बाहेर गेले.

मधुमेह हा शब्द शर्वरीसाठी नुसता आजाराचा नव्हता. तिची आई, सुनंदा, वीस वर्षं त्यानं आजारी होती. आधी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली, मग अर्धं पाऊल, मग डोळे अधू झाले. शेवटची दोन वर्षं रोज सकाळी त्या पायाचं ड्रेसिंग करायचं काम शर्वरीकडे होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आई गेली त्या वर्षी तिनं ठरवलं होतं की काहीही होवो, हे नको. पुढे तिच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा तिनं डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो, "डायबेटिसमुळे का?" किडनीच्या गाळण्यांना सूज येण्याचा वेगळाच आजार आहे असं ते म्हणाले तेव्हा, लोकांना ऐकून विचित्र वाटेल, पण तिला हायसं वाटलं होतं.

सोमवारी सकाळी डॉक्टर श्यामसुंदर लाहिरी राउंडला आले. ऑपरेशननंतर तिच्यावर त्यांचेच उपचार चालले होते. हसतमुख, घाईत असलेले, हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलणारे.

"क्रिएटिनिन एक पॉइंट तीनवर आलंय. व्हेरी गुड. अंगातलं पाणी कमी झालं होतं म्हणून वर गेलं होतं. किडनी सुरक्षित आहे."

"आणि शुगर?"

"ती इन्सुलिननं आटोक्यात येईल. किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतो ना, टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड, त्यांच्यामुळे काही लोकांना होतं. तुमच्या आईला मधुमेह होता, त्यामुळे तुम्हाला धोका जास्त होता."

शर्वरी उशीवरून उठून बसली. "म्हणजे माझ्या खाण्यामुळे नाही?"

"खाण्याचा थोडा भाग असतो, पण मुख्य कारण औषधं."

"हे होऊ शकतं हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"अर्थात. सगळ्या पेशंटना आम्ही सांगतो."

"मला कुणी सांगितलं नाही."

लाहिरींनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. "ऑपरेशनच्या आधी विनीतानं बसून समजावलं होतं ना? आणि ऑगस्टमध्ये उपाशीपोटीची शुगर थोडी वर दिसली, तेव्हा मी स्वतः तुमच्या वडिलांना म्हटलं होतं, जेवणानंतरचीही करून घ्या."

बाबा फाईल छातीशी धरून उभे होते.

"डॉक्टर," शर्वरी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका शांत होता की नर्सनं वळून पाहिलं, "पेशंट कोण आहे?"

"मॅडम, तुम्ही तेव्हा..."

"ऑगस्टमध्ये मी बँकेत जात होते. रोज मेट्रोनं. शंभर लोकांची कामं निपटत होते. तुमच्यासमोर खुर्चीत बसत होते. मला का नाही सांगितलं?"

"रिपोर्ट तुमच्या वडिलांच्या नंबरवर जातात. आमची समजूत अशी होती की घरात सगळं बोललं जातं." लाहिरींनी घड्याळाकडे पाहिलं. "आता रागावू नका, रागानं शुगर वाढते."

तिनं उशाखालचा मोबाइल उचलून भिंतीवर फेकला नाही, एवढंच. तो फेकावा असं तिला फार वाटलं.

डिस्चार्जच्या दिवशी ती व्हीलचेअर नाकारून चालत दुसऱ्या मजल्यावर विनीता मंडल यांच्या खोलीत गेली. बाबांना बाहेर बसायला सांगितलं. विनीतानं कुरकुर करत फाईल काढली. सोळा पानांच्या संमतिपत्रावर शर्वरीची सही होती, फेब्रुवारीतल्या एका डायलिसिसच्या दिवसाची. अकराव्या पानावर बारीक इंग्रजीत एक ओळ होती, चयापचयाशी निगडित गुंतागुंत संभवते. बास. मधुमेह हा शब्द कुठेच नव्हता. पण त्याच्या मागे हातानं लिहिलेला एक कागद टाचलेला होता, समुपदेशनाची नोंद. विनीताचंच अक्षर. शर्वरीनं तो वाचला आणि पुन्हा वाचला.

त्यात लिहिलं होतं: रुग्णाच्या आईला मधुमेह. नव्यानं मधुमेह होण्याची शक्यता वडिलांना समजावली. मुलीला या आजाराची अतिशय भीती असल्यानं तिला आपण स्वतः योग्य वेळी सांगू, अशी वडिलांची विनंती. खाली सही, सु. र. टिकेकर. ते गोल, सुबक अक्षर शर्वरी जन्मापासून ओळखत होती.

"ते रडत होते हो," विनीता हळू आवाजात म्हणाली. "म्हणाले, कळलं तर ती ऑपरेशनला उभी राहणार नाही. मला पण वडील आहेत. मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला नकोय. मला या कागदाची प्रत हवी आहे."

"तशी पद्धत नाही आमची."

"मी इथंच बसते. पद्धत बदलेपर्यंत."

पाऊण तासानं तिला प्रत मिळाली.

टॅक्सीत तिनं ती प्रत पर्समध्येच ठेवली. डमडमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. बाबांनी कुलूप उघडलं, तिची पिशवी आत ठेवली आणि सवयीनं स्वयंपाकघराकडे निघाले.

"बसा," शर्वरी म्हणाली.

ते जेवणाच्या टेबलाशी बसले. तिनं कागद समोर ठेवला. त्यांनी वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"वही आणा."

"कुठली?"

"तुमची. रोजची."

त्यांनी उठून कपाटातून निळी वही आणली. शर्वरीनं पानं उलटली. तारीख, वजन, रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिन. जूनपासून उजवीकडे पेन्सिलीनं आखलेला आणखी एक अरुंद रकाना होता, वर फक्त 'सा' लिहिलेलं. एकशे आठ. एकशे पंधरा. एकशे चोवीस. ऑक्टोबरात एकशे एकोणचाळीस. सगळ्या उपाशीपोटीच्या. जेवणानंतरची त्यांनी कधी करूनच घेतली नव्हती, कारण त्यासाठी तिला सांगावं लागलं असतं.

मग तिला एकेक गोष्ट उमगत गेली. जुलैत चहातली साखर बंद झाली, "मला जड होते" म्हणून. बटाटा आणायचा बंद झाला, कारण म्हणे बाजारात चांगला नाही. भाताऐवजी ज्वारीची भाकरी, ज्वारी खास अकोल्याहून मागवलेली. ती म्हणाली होती, बाबा, किती लाड करता. आणि सप्टेंबरनंतर त्यांनी भांड्यातला आकडा मोठ्यानं सांगायचं सोडून दिलं होतं.

"तुम्हाला कळत होतं," ती म्हणाली. "मला तहान का लागते ते तुम्हाला कळत होतं. मी हसत होते. लोकांना सांगत होते, बघा, किडनी कशी पळतेय. आणि तुम्ही बघत होतात."

"पथ्यानं खाली येईल असं वाटलं होतं मला. थोडीशीच होती. वर-खाली होत होती."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग?"

बाबांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "शरू, आधीच सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हटलं असतं."

"मग मी काय करायला हवं होतं? तुला त्या मशीनवर बघत राहायला हवं होतं? आठवड्यातून तीनदा? हाताच्या शिरा बघितल्यास तू तुझ्या? तुझी आई गेली माझ्यासमोर. तू पण..."

"आईला मध्ये आणू नका!" शर्वरी इतक्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. "आईचा पाय मी धुतलाय. तुम्ही दारात उभे राहायचात, वास सहन होत नाही म्हणून. मला काय होऊ शकतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. जगात सगळ्यात जास्त मला. मी नाही म्हटलं असतं, तो माझा नकार होता, बाबा. तुम्ही तो मला न विचारता परस्पर खिशात घातलात. मग तुम्ही भांडला असतात माझ्याशी, समजावलं असतंत, पाया पडला असतात, काय वाटेल ते केलं असतंत. कदाचित मी हो म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं."

"मी तुला किडनी दिली."

हे वाक्य बोलल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला, पण ते बोलून झालं होतं.

"दिलीत ना?" शर्वरी म्हणाली. "मग ती आता माझी आहे. आणि तिचं काय होतंय ते मला आधी कळलं पाहिजे. त्या दिवशी शोभाकाकू मला हावरट म्हणून गेल्या. तो पोरगा डॉक्टर मला खोटारडी समजला. तुम्ही तोंड उघडलं नाहीत, कारण उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. मी चार दिवस स्वतःलाच विचारत होते की माझ्या हातून काय चुकलं. चार दिवस!"

बाबा रडायला लागले. शर्वरीला त्या रडण्याचाही राग आला, कारण त्यामुळे तिच्या हातून उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला जाईल अशी तिला भीती वाटत होती. ती उठली आणि आपल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इन्सुलिनचं पेन घेऊन टेबलाशी बसली. कसं टोचायचं ते नर्सनं शिकवलं होतं. आईच्या दंडावरचे निळे डाग तिला स्पष्ट दिसत होते. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"मी देऊ? तुझ्या आईला मीच..."

"नको."

तिनं पोटाची चिमूट धरली. टाक्याचा व्रण एका बाजूला होता, तिनं दुसरी बाजू निवडली. सुई टोचली, दहापर्यंत आकडे मोजले, काढली. फारसं दुखलं नाही. मग ती टेबलावर डोकं ठेवून दहा मिनिटं रडली आणि बाबा तिथेच उभे राहिले. त्यांना जायचं की थांबायचं ते कळेना.

त्या आठवड्यात तिनं दोन कामं केली. बँकेत आलेल्या तक्रारींना उत्तरं देण्यात तिची अनेक वर्षं गेली होती, त्यामुळे कुठल्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं हे तिला नेमकं माहीत होतं. तसं एक पत्र तिनं हॉस्पिटलच्या अधीक्षकांना लिहिलं. विनीताच्या नोंदीची प्रत, ऑगस्ट ते ऑक्टोबरचे रिपोर्ट आणि तीन प्रश्न. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची माहिती दुसऱ्याला का दिली? वाढती साखर तीन महिने दिसत असताना पुढची तपासणी कुणी का केली नाही? तहानेची तक्रार फोनवर केली ती कुठे नोंदवली? दुसरं काम म्हणजे रिपोर्टांसाठी दिलेला बाबांचा मोबाइल नंबर काढून तिथे स्वतःचा दिला.

शोभाकाकूंनाही तिनं फोन केला. "काकू, मला मधुमेह औषधांमुळे झालाय, मिठाईमुळे नाही. तुम्ही मराठी मंडळात ज्यांना ज्यांना सांगितलं असेल, त्यांना हेही सांगा." मग काकू म्हणाल्या, "सांगते गं बाई," आणि त्यांनी सांगितलंसुद्धा.

बाबांनी चौथ्या दिवशी बॅग काढली. त्यांचे शर्ट घडी करून पलंगावर मांडलेले तिला दिसले.

"अकोल्याला जाऊन येतो थोडे दिवस. तुला मी समोर नको असेन."

"नकोच आहात," शर्वरी म्हणाली. "पण जायचं नाही. मला तुमच्यावर रागवायचंय अजून बरंच. तुम्ही तिकडे गेलात की तुमची काळजी वाटेल, मग राग नीट येत नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हसावं की काय ते त्यांना कळेना. तीही हसली नव्हती. त्यांनी शर्ट परत कपाटात ठेवले.

त्या घरात पुढचे पंधरा दिवस कामापुरतंच बोलणं झालं. भाकरी ती स्वतः थापायला लागली. तिला ती कधीच नीट जमली नव्हती, कडा फाटायच्या. बाबा फाटलेल्या भाकऱ्या निमूटपणे खायचे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलनं तिला बोलावलं. अधीक्षक, लाहिरी आणि विनीता टेबलापलीकडे. त्यांनी लेखी दिलगिरी दिली. त्यात 'संवादातील त्रुटी' असा शब्द होता. शर्वरीनं तो पेननं खोडून त्यावर 'रुग्णापासून माहिती लपवणे' असं लिहिलं आणि कागद परत केला. अधीक्षक बरेच वैतागले. शेवटी दोन्ही शब्द काढून जे घडलं ते तीन सरळ वाक्यांत लिहायचं ठरलं, आणि यापुढे समुपदेशनाच्या नोंदीवर खुद्द रुग्णाची सही घेतली जाईल असंही. विनीतानं निघताना तिचा हात धरला. शर्वरीनं तो सोडवून घेतला. माफ करायची तिची तयारी नव्हती आणि तसं दाखवायचीही नव्हती.

मग ती लाहिरींच्या खोलीत तपासणीसाठी गेली. बाबा बाहेर बाकावर थांबले.

"डॉक्टर, आता पुढचं सगळं सांगा. गोड करून नको."

लाहिरी या वेळी घड्याळाकडे पाहत नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं. स्टेरॉइड हळूहळू कमी करू, म्हणाले, टॅक्रोलिमसची पातळीही थोडी खाली ठेवू. पण फार कमी केलं तर शरीर किडनी नाकारू शकतं. काही लोकांचं इन्सुलिन वर्षभरात सुटतं आणि गोळ्यांवर भागतं. काहींचं कधीच सुटत नाही. तुमचं काय होईल ते मला आज सांगता येणार नाही. आणि साखर ताब्यात राहिली नाही तर या किडनीचं आयुष्यही कमी होतं.

"किती कमी?"

"आकडा देणं बरोबर होणार नाही. पण अशा रुग्णांत किडनी लवकर जाण्याचं प्रमाण जास्त असतं, हे खरं आहे. हृदयाचा धोकाही वाढतो."

शर्वरीनं सगळं ऐकलं, दोन शब्द पुन्हा विचारून घेतले, आणि ती बाहेर आली.

बाबा झटकन उठले. त्यांच्या दोन्ही हातांत तिची शाल होती. "काय म्हणाले?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. या महिनाभरात ते केवढे वाळले होते. कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती. आपल्या शरीरातून काढून दिलेली वस्तू कदाचित लवकर जाईल, हे त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? "ठीक आहे, म्हणाले," एवढे तीन शब्द तिच्या जिभेवर तयार होते. अगदी सहज आले होते ते. ते कुठून आले हे लक्षात आल्यावर तिला आपल्या बापाचा, आणि स्वतःचा, असा काही संताप आला की तिनं बाकाची कड घट्ट धरली.

"बसा, बाबा," ती म्हणाली. "सगळं सांगते. मध्ये बोलायचं नाही."

आणि तिनं सांगितलं. इन्सुलिन कदाचित कायमचं राहील ते. औषधं कमी करण्यातला धोका. किडनीचं आयुष्य, हृदय, सगळं, डॉक्टर म्हणाले होते त्याच क्रमानं, एकही शब्द मऊ न करता. समोरून स्ट्रेचर जात होते, कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. एकदा त्यांचे ओठ हलले, पण ते मध्ये बोलले नाहीत.

तिचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "जेवणानंतरची साखर किती वेळानं तपासायची असते?"

"दोन तासांनी."

"घरी त्याचं मशीन मिळतं?"

"मिळतं. मी घेणार आहे. आकडा मी बघणार."

"हो, तूच बघ." त्यांनी हातातल्या शालीची घडी सारखी केली. "मला सांगशील?"

"सांगेन," शर्वरी म्हणाली. "पण राग गेलेला नाही माझा."

"माहितीये."

तिनं त्यांच्या हातातून शाल घेतली आणि दोघं जिन्याकडे निघाले.